किलार्नीचा गूच: चार पदकं की पाच?

गूच हे नाव निघालं की आपल्याकडच्या जुन्या क्रिकेटवेड्यांच्या पोटात अजूनही गोळा येतो. ५ नोव्हेंबर १९८७, वानखेडे, विश्वचषकाची उपांत्य फेरी, आणि स्वीपवर स्वीप मारत ग्रॅहॅम गूचने काढलेल्या ११५ धावा. पण आयर्लंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या केरी काउंटीत जाऊन गूच म्हणालात, तर समोरच्याच्या डोळ्यांसमोर भलताच माणूस उभा राहील. तांबूस केसांचा, अंगाने किरकोळ, डाव्या-उजव्या दोन्ही पायांनी सारख्याच सफाईने चेंडू मारणारा कोलम कूपर. लहानपणी तो कुणाला तरी खेळण्यातल्या एका बाहुल्यासारखा दिसला, त्या बाहुल्याचं नाव त्याला चिकटलं, आणि आता वर्तमानपत्रंसुद्धा त्याला ‘द गूच’ म्हणतात.

कूपर २०१७ मध्ये काउंटीच्या संघातून निवृत्त झाला. गेलिक फुटबॉल या आयर्लंडच्या देशी खेळातल्या सर्वोत्तम फॉरवर्ड्समध्ये त्याचं नाव येतंच. पण त्याची कारकीर्द वाचायला घेतली की आपण पहिल्याच ओळीत अडखळतो. ‘चॅम्पियनशिपचे ८५ सामने, २३-२८३.’ हा काय आकडा झाला? पुढे ‘आठ ऑल स्टार’. त्यापुढे कुठे ‘चार ऑल-आयर्लंड’, कुठे ‘पाच ऑल-आयर्लंड’. ऑल-आयर्लंड म्हणजे काउंट्यांच्या अखिल आयर्लंड स्पर्धेचं पदक. पदक मिळालं किंवा नाही मिळालं, त्यात मतभेद कसले? ही चार-पाचची भानगड समजली की त्या खेळाची सगळी व्यवस्था समजते, म्हणून तिच्याच मागे जाऊ.

आधी खेळ

मैदान आपल्या फुटबॉलच्या मैदानापेक्षा बरंच मोठं असतं, लांबी १३० ते १४५ मीटर. एका बाजूला पंधरा खेळाडू. दोन्ही टोकांना इंग्रजी एच अक्षरासारखे खांब, मधल्या आडव्या दांड्याखाली जाळी. चेंडू दांड्याखालून जाळीत गेला तर गोल, त्याचे तीन गुण. दांड्यावरून पण दोन खांबांच्या मधून गेला तर पॉइंट, त्याचा एक गुण. गुणफलकावर दोन्ही वेगळे लिहितात, आधी गोल, मग पॉइंट. म्हणजे १-१२ याचा अर्थ एक गोल, बारा पॉइंट, एकूण पंधरा. कूपरच्या २३-२८३ चा हिशेब त्याच पद्धतीने केला तर ३५२ गुण होतात. (२०२५ पासून लांबून मारलेल्या काही पॉइंटना दोन गुण मिळतात, पण कूपरच्या सगळ्या कारकिर्दीत एकच मिळत होता.)

चेंडू हातात धरता येतो, पण धरून पळत सुटता येत नाही. चार पावलं झाली की तो जमिनीवर आपटून परत घ्यायचा किंवा पायाच्या बोटांवर टाकून पुन्हा हातात उडवायचा. या दुसऱ्या प्रकाराला सोलो म्हणतात. लागोपाठ दोनदा आपटायला मनाई आहे, सोलो मात्र कितीही वेळा चालतो. पास द्यायचा तर लाथेने मारून किंवा हाताने ठोसून, फेकून नाही. जमिनीवरचा चेंडू थेट हाताने उचलता येत नाही, आधी त्याच्याखाली पायाचं बोट घालावं लागतं. पूर्ण वेगात पळताना, कुणीतरी खांद्याला खांदा भिडवत असताना हे सगळं करायचं. टीव्हीवर पहिल्यांदा बघणाऱ्याला हाणामारी वाटते. दहा मिनिटांनी त्यातली कारागिरी दिसायला लागते.

या खेळात ऑफसाइडसुद्धा जवळपास नाहीच. जाळीच्या तोंडाशी एक छोटा चौकोन आहे, तेवढ्यापुरता नियम. बाकी फॉरवर्डने कुठेही उभं राहावं. त्यामुळे कॉर्नर फॉरवर्ड नावाची जागा तयार होते. अंगावर १३ किंवा १५ नंबरची जर्सी, उभं राहायचं समोरच्या गोलपाशी एका कडेला, आणि सामनाभर एक बचावपटू अंगाला खेटून असणार. चेंडू लांबून येतो, कधी पाच-पाच मिनिटं येतच नाही. आला की अर्ध्या सेकंदात झेलायचा, वळायचा, मारायचा. कूपरची जागा ही. उंचीने आणि वजनाने तो बहुतेक बचावपटूंपेक्षा कमी भरायचा, पण चेंडू कुठे पडणार हे त्याला समोरच्याच्या आधी कळायचं, आणि वळताना त्याचा खांदा एकीकडे जायचा तर पाय दुसरीकडे.

संघ निवडता येत नाही

गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग हे आयर्लंडचे देशी खेळ चालवणारी संस्था म्हणजे जीएए, गेलिक अॅथलेटिक असोसिएशन. १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरी काउंटीतल्या थर्लिस गावी, एका हॉटेलात तिची स्थापना झाली. ब्रिटिश सत्तेखालच्या आयर्लंडमध्ये आपले खेळ आपण जपायचे, हा त्यामागचा विचार. तिचं मुख्य मैदान म्हणजे डब्लिनचं क्रोक पार्क, ८२ हजारांहून जास्त प्रेक्षक बसतील एवढं. याच मैदानावर २१ नोव्हेंबर १९२० रोजी सामना चालू असताना ब्रिटिश दलांनी गोळीबार केला आणि चौदा जणांचा बळी गेला. मेलेल्यांत टिपरेरीचा खेळाडू मायकेल होगन होता. मैदानाचा एक स्टँड त्याच्या नावाचा आहे. हा इतिहास इथे सांगायचं कारण एवढंच, की आयरिश माणूस या खेळाला करमणूक म्हणून सोडून देत नाही.

संस्थेचा पाया आहे गावोगावचे क्लब. आपल्याकडे गावच्या तालमीचा पैलवान आधी तालमीचा आणि मग जिल्ह्याचा असतो, तसाच तिथला खेळाडू आधी आपल्या क्लबचा असतो. चांगला निघाला तर काउंटीच्या संघात निवड होते, पण क्लब सुटत नाही. आणि काउंटी बदलून मिळत नाही. किलार्नीत जन्मलात तर केरीकडून खेळायचं, मेयोत जन्मलात तर मेयोकडून, मग तुमची काउंटी पन्नास वर्षं हरत असली तरी. अपवाद असतात, घर बदललं तर बदली मिळते, पण बाजारात बोली लावून खेळाडू विकत घेणं हा प्रकार नाही.

पगारही नाही. प्रवासखर्च मिळतो, थोडं अनुदान मिळतं, पण खेळण्याचे पैसे मिळत नाहीत. ८२ हजार लोकांसमोर रविवारी अंतिम सामना खेळलेला माणूस सुट्टी संपली की शाळेत शिकवायला, शेतावर किंवा कचेरीत जातो. कूपर किलार्नीत बँकेत नोकरीला होता. परवा ज्याच्या चुकलेल्या फटक्यावर गावाने शिव्या घातल्या, तोच आज काउंटरपलीकडे खातं उघडून देतोय, असं दृश्य तिथे कुणालाच विचित्र वाटत नाही.

केरीची लोकसंख्या सुमारे दीड लाख. डब्लिन काउंटीची साडेचौदा लाखांच्या घरात. तरीही २०२५ पर्यंतची सर्वाधिक म्हणजे ३९ ऑल-आयर्लंड विजेतेपदं केरीकडे आहेत. तिथे मुलगा फुटबॉल खेळतो का, असं विचारत नाहीत, कोणत्या जागेवर खेळतो ते विचारतात.

कूपरचा क्लब किलार्नीचा डॉ. क्रोक्स. ज्या आर्चबिशप क्रोक यांच्यावरून क्रोक पार्कला नाव मिळालं, त्यांच्यावरूनच या क्लबचंही. १९९२ मध्ये डॉ. क्रोक्सने अखिल आयर्लंड क्लब विजेतेपद मिळवलं, तेव्हा आठ वर्षांचा कूपर संघाचा मॅस्कॉट म्हणून क्रोक पार्कच्या हिरवळीवर होता. हे विजेतेपद लक्षात ठेवा, पुढे लागेल.

२००२ ते २००९: मिळालं ते सगळं

काउंट्यांची स्पर्धा, म्हणजेच चॅम्पियनशिप, दोन टप्प्यांत चालते. आधी चार प्रांतांच्या स्पर्धा, त्यातून पुढे अखिल आयर्लंडची बाद फेरी, जिंकणाऱ्याला सॅम मग्वायर करंडक. पूर्वी प्रांतात हरलात की वर्ष संपलं. २००१ पासून हरलेल्यांना मागच्या दाराने परत यायची सोय झाली. कूपरची पिढी ही या मागच्या दाराची पहिली पिढी.

२००२ मध्ये प्रशिक्षक पॉडी ओ शे यांनी अठरा वर्षांच्या कूपरला केरीच्या संघात घेतलं. त्या वर्षी केरी प्रांतात कॉर्ककडून हरली, मागच्या दाराने परत आली, उपांत्य सामन्यात त्याच कॉर्कला धुतलं आणि अंतिम सामन्यात आर्मासमोर उभी राहिली. मध्यंतराला केरी चार गुणांनी पुढे होती. उत्तरार्धात त्यांना फक्त तीन पॉइंट मिळाले. शेवट आर्मा १-१२, केरी ०-१४. पॉइंट केरीचे जास्त, पण गोल आर्माचा. पंधरा विरुद्ध चौदा. आर्माचं ते पहिलंवहिलं विजेतेपद. कूपरला पहिल्याच वर्षी ऑल स्टार मिळाला. वर्षाअखेर निवडल्या जाणाऱ्या पंधरा जणांच्या मानाच्या संघात जागा मिळणं म्हणजे ऑल स्टार. पुढे ही संख्या आठवर गेली. फुटबॉलमध्ये त्याच्यापुढे केरीचाच पॅट स्पिलेन आहे, नऊ.

या स्पिलेनचा एक शब्द गेलिक फुटबॉलच्या इतिहासात कायमचा बसलाय. २००३ च्या उपांत्य सामन्यात टिरोनने केरीला ०-१३ विरुद्ध ०-६ असं गुदमरवलं. केरीच्या खेळाडूने चेंडू घेतला की तीन-चार जण त्याच्यावर तुटून पडायचे. निवृत्तीनंतर टीव्हीवर बोलणाऱ्या स्पिलेनने त्याला ओकारी आणणारा फुटबॉल म्हटलं. टिरोनने ते वर्षही जिंकलं आणि २००५, २००८ चे अंतिम सामनेही केरीकडूनच हिसकावून घेतले. ओकारीचं औषध केरीला वेळेवर सापडलं नाही, असं म्हणायला हरकत नाही.

मधल्या वर्षांत मात्र कूपरने लुटलं. २००४ च्या अंतिम सामन्यात मेयोविरुद्ध त्याने केलेला गोल बघितला की हा माणूस काय होता ते कळतं. लांबून उंच चेंडू येतो. कूपर आणि त्याचा बचावपटू एकत्र उडतात, चेंडू कूपरच्या हातात बसतो, तोही त्या बचावपटूच्या डोक्यावरून. पाय जमिनीला लागायच्या आत तो गोलाकडे वळलेला असतो. दुसरा बचावपटू आडवा येतो. इथे कुणीही ताकदीने मारलं असतं. कूपर एक हूल देतो, समोरचा त्या बाजूला झुकतो, तो दुसऱ्या बाजूने निघून जातो, आणि गोलकीपरच्या बाजूने चेंडू जाळीच्या कोपऱ्यात नुसता सरकवतो. जोर कुठेच लावलेला नाही. केरी १-२०, मेयो २-९. त्यातले १-५ कूपरचे.

२००६ मध्ये पुन्हा मेयो, पुन्हा केरी, ४-१५ विरुद्ध ३-५, आणि चार गोलांत एक कूपरचा. त्या वर्षीचा बदल समजून घेण्यासारखा आहे. किरन डॉनही नावाच्या ताडमाड माणसाला केरीने गोलासमोर मधोमध उभं केलं. लांबून उंच चेंडू मारायचा, डॉनही तो वरून काढणार, आणि त्याच्या हातून सुटलेल्यावर किंवा त्याने दिलेल्यावर आजूबाजूचे छोटे झडप घालणार. बचाव करणाऱ्यांची पंचाईत अशी की दोन-तीन जण डॉनहीकडे लावले तर कूपर मोकळा, आणि कूपरला धरून बसलं तर डॉनही. २००७ च्या अंतिम सामन्यात कॉर्क समोर होती. एकाच मन्स्टर प्रांतातल्या दोन काउंट्यांमधला तो पहिलाच ऑल-आयर्लंड अंतिम सामना, मागच्या दारामुळे शक्य झालेला. एक उंच चेंडू गोलासमोर आला, कॉर्कचा गोलकीपर पुढे सरसावला, आणि त्या गर्दीत सगळ्यांत बुटक्या माणसाने आधी उडी मारून चेंडू जाळीत ढकलला. ३-१३ विरुद्ध १-९.

२००९ वेगळं गेलं. केरी प्रांतात हरली, मागच्या दाराने रखडत चालली होती, आणि संघाची शिस्त मोडली म्हणून कूपर आणि तोमास ओ शे या दोन दिग्गजांना अँट्रिमविरुद्ध सुरुवातीच्या पंधरात घेतलं नाही. दोघांनाही बाकावर बसून सुरुवात बघावी लागली. पुढचा सामना डब्लिनशी, क्रोक पार्कवर. पहिल्याच मिनिटात कूपरचा गोल. केरी १-२४, डब्लिन १-७. सतरा गुणांचा फरक! त्यानंतर अंतिम सामन्यात कॉर्कला हरवून केरीने करंडक नेला. शिक्षा देणारा प्रशिक्षक जॅक ओ’कॉनर आणि शिक्षा भोगणारा खेळाडू, दोघांनाही त्या वर्षाचं श्रेय द्यायला हवं.

२००४, २००६, २००७, २००९. ही झाली चार पदकं. यांच्याबद्दल कुणाचंच दुमत नाही.

कप्तानपद कसं मिळतं

केरीत काउंटीचा कप्तान प्रशिक्षक ठरवत नसे. आदल्या वर्षी केरीची क्लब स्पर्धा जिंकणाऱ्या क्लबने कप्तानाचं नाव द्यायचं, अशी जुनी रीत. त्यामुळे पंधरा वर्षं खेळलेला महान खेळाडू कधीच कप्तान होत नाही आणि नवखा पोरगा होतो, असंही घडायचं. २०१० ची स्पर्धा डॉ. क्रोक्सने जिंकली, आणि २०११ मध्ये कूपर केरीचा कप्तान झाला.

त्या वर्षी अंतिम सामना डब्लिनशी. पूर्वार्धात कूपरने गोल केला. सामना संपायला सात-आठ मिनिटं असताना केरी चार गुणांनी पुढे होती. करंडक उचलायला कप्तानाने पायऱ्या चढायच्या, एवढंच बाकी, असं वाटत होतं. मग डब्लिनच्या केव्हिन मॅकमॅनमनने आत घुसून गोल केला आणि सामन्याचं तोंड फिरलं. डॉनहीने एक अशक्य कोनातून पॉइंट मारून बरोबरी साधून दिली. अगदी शेवटी डब्लिनला फ्री किक मिळाली. ती मारायला कोण आलं? त्यांचा गोलकीपर, स्टीफन क्लक्स्टन. मैदानभर शांतपणे धावत आला, चेंडू ठेवला, मारला, दोन खांबांमधून. १-१२ विरुद्ध १-११. डब्लिनने १९९५ नंतर पहिल्यांदा करंडक नेला, आणि पुढच्या दशकात तर नेतच राहिली.

त्याच वर्षी उपांत्य सामन्यात डब्लिन आणि डॉनिगॉल यांचा निकाल ०-८ विरुद्ध ०-६ लागला होता. सत्तर मिनिटांत दोन्ही संघांचे मिळून चौदा पॉइंट. डॉनिगॉलने जवळपास सगळा संघ स्वतःच्या अर्ध्यात आणून बसवला होता. टिरोनने जे सुरू केलं, त्याचं हे पुढचं पाऊल. अशा खेळात लांबून चेंडू मारून उपयोग नसतो, कारण तो पडतो तिथे आठ जण उभे असतात. म्हणजेच कोपऱ्यात उभं राहून चेंडूची वाट बघणाऱ्या कॉर्नर फॉरवर्डची उपासमार.

२०१३: पदक नसलेलं वर्ष

नवा प्रशिक्षक एमन फिट्झमॉरिसने २०१३ मध्ये यावर उपाय काढला. तिशीत शिरलेल्या कूपरला त्याने कोपऱ्यातून उचलून ११ नंबरवर, म्हणजे मध्यरेषा आणि गोल यांच्या मधोमध, आणून ठेवलं. चेंडू तुझ्याकडे येत नाही ना, मग तू चेंडूकडे जा आणि इतरांना खेळव.

उपांत्य सामना परत डब्लिनशी होता, १ सप्टेंबरला. माझ्या मते कूपरच्या आयुष्यातली सर्वांत चांगली पस्तीस मिनिटं ती. त्याने फार गुण केले म्हणून नाही. चेंडू हातात आला की तो मान वर करायचा, आणि पायाने मारलेला पास तीस-चाळीस मीटरवर, दोन बचावपटूंच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, धावणाऱ्या साथीदाराच्या छातीपुढे पडायचा. डब्लिनचे बचावपटू मागे वळून बघायचे तोवर जेम्स ओ’डोनाहू चेंडू घेऊन गोलासमोर. पूर्वार्धात केरीचे तीन गोल झाले. त्या काळातली सर्वांत तंदुरुस्त, सर्वांत वेगवान डब्लिन, आणि हा तिशीतला माणूस फारसा न पळता तिला पळवत होता.

शेवटी डब्लिनचं बळ पुरून उरलं. पुन्हा मॅकमॅनमनचाच उशिराचा गोल, मग आणखी एक. ३-१८ विरुद्ध ३-११. हा सामना पाहिलेल्या माणसाला सात गुणांचा फरक खरा वाटत नाही. कूपरला आठवा आणि शेवटचा ऑल स्टार मिळाला. करंडक नाही, अंतिम सामनासुद्धा नाही.

आणि आता पाचवं पदक. फेब्रुवारी २०१४ मध्ये डॉ. क्रोक्सकडून क्लब स्पर्धेचा उपांत्य सामना खेळताना, पोर्टलीशच्या मैदानावर, कूपरचा गुडघा गेला. आतला क्रुशिएट स्नायुबंध फाटला आणि वर गुडघ्याची वाटीही मोडली. वर्ष संपलं. ज्या क्लबसाठी माणूस फुकट खेळतो, त्याच्याच सामन्यात काउंटीचं वर्ष जातं, ही या व्यवस्थेची दुसरी बाजू. व्यावसायिक खेळात मालकाने वकील उभे केले असते. इथे तक्रार करायची तर कुणाकडे?

त्याच वर्षी केरीने डॉनिगॉलला २-९ विरुद्ध ०-१२ असं हरवून करंडक जिंकला. २०१३ ची केरीतली क्लब स्पर्धा परत डॉ. क्रोक्सनेच जिंकलेली होती, म्हणून कप्तानपदही त्यांच्याकडेच. फिन फिट्झजेरल्ड आणि किरन ओ’लिअरी या कूपरच्या दोन क्लबसोबत्यांनी मिळून सॅम मग्वायर उचलला. कूपर पथकाचा भाग होता, पण त्या वर्षी चॅम्पियनशिपचं एक मिनिटही खेळलेला नव्हता. जे पथकातलं नाव धरतात ते पाच मोजतात, जे मैदानावरची मिनिटं धरतात ते चार. मी चार मोजतो. मग उरलेल्या जागी २०१३ ची ती पस्तीस मिनिटं ठेवावीत, असं वाटतं, पण तशी सोय कुठल्याच तक्त्यात नाही.

क्लबकडे परत

अशा दुखापतीनंतर एकतीस वर्षांचा माणूस परत येईल, हे बऱ्याच जणांनी धरलं नव्हतं. तो आला. २०१५ चा अंतिम सामना खेळला, पण डब्लिनच्या फिली मॅकमानने त्याला एकही पॉइंट मिळू दिला नाही, उलट स्वतः पुढे जाऊन एक मारून आला. बचावपटूने गूचपेक्षा जास्त गुण करावेत! ०-१२ विरुद्ध ०-९, केरी हरली. २०१६ च्या उपांत्य सामन्यात पुन्हा डब्लिन, पुन्हा हार, या वेळी दोन गुणांनी. केरीच्या जर्सीतला त्याचा तो शेवटचा चॅम्पियनशिप सामना.

एक गोष्ट मात्र त्याच्या खात्यात अजून नव्हती. अखिल आयर्लंड क्लब विजेतेपद. २००७ मध्ये डॉ. क्रोक्स अंतिम सामन्यात क्रॉसमग्लेनकडून फेरसामन्यात हरले होते. २०१२, २०१३, २०१४ अशी लागोपाठ तीन वर्षं उपांत्य फेरीत हरले. त्यातल्या तिसऱ्या सामन्यातच गुडघा गेला. काउंटीचे चार करंडक जिंकलेल्या माणसाला गावाचं हे एक पदक का लागावं, असा प्रश्न बाहेरच्याला पडतो. किलार्नीत पडत नाही. काउंटीच्या संघात तुमच्याबरोबर केरीभरचे निवडक असतात. क्लबात शाळेतल्या बाकावरचे सोबती असतात, आणि हरलात तर दुसऱ्या दिवशी दुधाच्या रांगेत त्यांचेच आईबाप भेटतात.

१७ मार्च २०१७, सेंट पॅट्रिकचा दिवस, क्रोक पार्क. समोर डेरी काउंटीतला स्लॉटनील क्लब. सामना देखणा वगैरे नव्हता, ओढाताणीचाच होता. पूर्वार्धात कूपरने गोल केला. डॉ. क्रोक्स १-९, स्लॉटनील १-७. मॅस्कॉट म्हणून आलेल्या पोराला पंचवीस वर्षांनी ते पदक मिळालं. एप्रिलच्या सुरुवातीला त्याने काउंटी फुटबॉलमधून निवृत्ती जाहीर केली.

मग ऑक्टोबरमध्ये वाद झाला. डब्लिनमधल्या एका हॉटेलात त्याच्या सन्मानार्थ भोजन ठेवलं गेलं, माणशी ५०० युरो. काही रक्कम धर्मादाय कामाला जाणार होती, पण बाकीची खेळाडूला. हौशी खेळात असा निधी जमवणारा तो पहिलाच गाजलेला प्रसंग, आणि बरीच टीका झाली: आज कूपर, उद्या प्रत्येक काउंटीचा प्रत्येक मोठा खेळाडू, मग हौशी राहिलं काय? टीकाकारांचा मुद्दा अगदीच फोल नव्हता. पण क्रोक पार्कची तिकिटं विकून, प्रक्षेपणाचे हक्क विकून, जाहिराती घेऊन संस्था पंधरा वर्षं त्याच्या खेळावर उत्पन्न मिळवते आणि त्याने एक जेवण ठेवलं की तत्त्व आठवतं, हे मला तरी पटत नाही. जीएएची बाजू अशी की तो पैसा खालच्या क्लबांकडे, लहान मुलांच्या मैदानांकडे परत जातो, आणि हे खरंही आहे. नोकरीनिमित्त आयर्लंडला गेलेल्या आपल्याकडच्या घरातल्या मुलांनाही ते क्लब सहज घेतात, त्यामागे हाच पैसा आणि फुकट राबणारे गावकरी असतात. दोन्ही बाजू खऱ्या असल्यामुळेच तो वाद सुटलेला नाही.

२३-२८३ हा आकडा निवृत्तीच्या वेळी चॅम्पियनशिपच्या इतिहासातला सर्वांत मोठा होता. २०१९ मध्ये किलियन ओ’कॉनरने तो मागे टाकला. ओ’कॉनर मेयोचा. मेयोने शेवटचा करंडक १९५१ मध्ये जिंकला, त्यानंतर अंतिम सामने हरण्यातच त्यांची हयात गेली. गुणांत गूचच्याही पुढे गेलेल्या या माणसाकडे ऑल-आयर्लंडचं एकही पदक नाही.